इंजिन चालूच आहे, तर...

गाडीचं इंजिन चालू आहे आणि त्यातून काहीच चार्ज होत नाही, हे काही माणसांना बघवत नाही. गाडी स्वतःची नसली तरी बघवत नाही. सिग्नलला शेजारी एखादा टेम्पो नुसता धडधडत उभा राहिला की अण्णा त्याच्याकडे वळून बघतात आणि पुटपुटतात, "चाललंय फुकट."

हे अण्णा तुमच्याकडेही असणार. तुम्ही त्यांना भाऊ म्हणत असाल, तात्या म्हणत असाल, किंवा मागून नुसतं 'बॅटरी' म्हणत असाल. आमच्या नगरच्या सावेडीत ते अण्णा आहेत. ओळखायची खूण म्हणजे पँट. चांगली टेरिकॉटची पँट, इस्त्रीही केलेली, पण मांडीपासून गुडघ्यापर्यंत बारीक बारीक भोकं. ॲसिडची. काकूंनी नवी पँट आणली की पहिल्या आठवड्यात तिला अशी जाळी पडते. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या मते भोकं नसलेली पँट घालणाऱ्या माणसाला बॅटरीतलं कळत नाही. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चष्म्याच्या घरात मल्टिमीटर, हा बाकीचा पोशाख. चष्मा कुठे ठेवतात ते विचारू नका, तो नेहमी हरवलेला असतो.

भेटल्यावर लोक "काय म्हणता?" विचारतात. अण्णा विचारतात, "किती दाखवतोय?" म्हणजे तुमच्या गाडीचा व्होल्टेज. तुम्हाला तो माहीत नसतो, कारण कुणालाच माहीत नसतो. मग ते स्वतःच बॉनेट उघडायला लावतात, लाल पिन लालला, काळी काळ्याला टेकवतात आणि श्वास रोखून आकड्याकडे बघतात. १२.६ आला तर चेहरा उजळतो. १२.२ आला तर "अर्धी आहे, अर्धी" असं हलक्या आवाजात सांगतात. आणि ११.८ आला तर बॉनेट अगदी सावकाश बंद करतात आणि तुमच्या घरची ख्यालीखुशाली विचारू लागतात. माणसांनाही हीच पट्टी लागते. "आज काकू बारा-दोनवर आहे, जरा जपून बोल," असं त्यांनी मला दारातच सांगितलेलं आहे. आतून काकूंचा आवाज आला, "तुमच्यामुळेच उतरते!"

नगर हे असल्या माणसांना मानवणारं गाव आहे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी अण्णांच्या तोंडी अजून नगरच आहे, तेवढं त्यांना चालवून घ्यावं. इथे लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, गाड्यांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था आहे, आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना इथलीच. अण्णांनी आयुष्यभर एका वर्कशॉपात लष्करी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. त्यामुळे बारा व्होल्ट हे त्यांना जरा किरकोळ वाटतात. "रणगाड्याला चोवीस असतात," हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही म्हणू शकतात. १९९४ साली सुरू झालेलं इथलं रणगाडा संग्रहालय पाहायला बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं काम अण्णांकडे. पाहुणे पॅटन टँकपुढे उभे राहून फोटो काढत असतात. अण्णा मागच्या बाजूला वाकून बॅटरी कुठे बसवली असेल याचा अंदाज घेत असतात. जगातल्या कुठल्या कुठल्या लढाया केलेले रणगाडे तिथे उभे आहेत. अण्णांचा प्रश्न सगळ्यांना एकच, थंडीत हे पहिल्या सेल्फला सुरू कसे होत असतील?

या वेडाचं मूळ मात्र लष्करात नाही, रामायणात आहे. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायला लागलं तेव्हा अण्णा राहुरीकडच्या वस्तीवर राहत होते. वस्तीवर लाईट नव्हती. थोरल्या काकांनी बारा व्होल्टवर चालणारा काळा-पांढरा टीव्ही आणला आणि त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची असं ठरलं. बॅटरी ट्रॅक्टरवरून काढून खांद्यावर घेऊन ओसरीत आणायचं काम विशीतल्या अण्णांचं. सकाळी रामायण झालं. बॅटरी जागेवर ठेवायला हवी होती, पण संध्याकाळी सिनेमा होता. सिनेमाला आजूबाजूच्या चार वस्त्या जमल्या. सोमवारी पहाटे पाळीला जायचं तर ट्रॅक्टर नुसता 'टक' करून गप्प. उतारावरून ढकलून सुरू करावा तर वस्ती सपाटीवर. शेवटी दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणून ओढावा लागला आणि काकांनी रामाचं नाव घेत अण्णांचा उद्धार केला.

त्या दिवसापासून अण्णांचा धर्म ठरला: सुरू करायची बॅटरी वेगळी, वापरायची वेगळी. हे ते ज्या गांभीर्याने सांगतात त्या गांभीर्याने लोक एकादशीचं महत्त्व सांगत नाहीत. आणि खरं म्हणजे त्यांचं बरोबर आहे. गाडी सुरू करणारी बॅटरी दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर देते आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घेते. तिला रात्रभर दिवा लावायला सांगितलं की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि ती कायमची म्हातारी होते. रात्रभर जळायचं काम जाड प्लेटांच्या ट्युब्युलर बॅटरीचं, इन्व्हर्टरखाली असते ती. आता ही दुसरी बॅटरी घराबाहेर, रस्त्यावर, माळावर भरायची कशी? तर इंजिन चालूच आहे, त्यातून. इथून पुढे अण्णांना थांबवणं कठीण.

अण्णांचं खरं राज्य आषाढी वारीत असतं. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते ती नगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, आणि अण्णांच्या मूळ गावची दिंडी राहुरीला तिला मिळते. चालणारे चालतात. त्यांच्या पुढे मुक्कामाला ट्रॅक्टर जातो, मागे ट्रॉली. या ट्रॉलीला लोखंडी कांबींची कमान करून वर ताडपत्री ताणलेली. आत पिठाची पोती, पातेली, गॅस, वळकट्या, पेटीचा खोका. मागच्या कोपऱ्यात लाकडी पेटीत अण्णांची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी, आणि पेटीवर खडूने लिहिलेलं, 'यावर बसू नये'. त्यावर नेहमी कुणीतरी बसलेलं असतं. सुट्टीत गाडीमागे घर ओढत नेणारे परदेशी लोक आपण सिनेमात बघतो. आपल्याकडचं ओढायचं घर हे असं असतं, आणि त्यात चाळीस माणसांचा स्वयंपाक होतो.

पहिल्या वर्षी अण्णा नव्हते, तेव्हा कुणीतरी ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या शेवटापर्यंत घरात फिटिंगला वापरतात ती अडीच एमएमची वायर टाकली होती. ट्रॅक्टर दिवसभर चालला तरी बॅटरी भरेना. दुकानदाराला शिव्या झाल्या, बॅटरी बदलून झाली, नवीही भरेना. दुसऱ्या वर्षी अण्णांनी मीटर लावला. ट्रॅक्टरपाशी १४.२. ट्रॉलीपाशी १२.७. मग त्यांनी सगळ्या माळकऱ्यांना गोळा करून जे समजावलं ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला जन्मात विसरता येणार नाही. "मुळा धरणातून आवर्तन सुटतं," ते म्हणाले, "राहुरीला कालवा दुथडी. नेवाशाला कमरेएवढा. पाथर्डीच्या टेलला किती?"

"धूळ," पाथर्डीच्या पाहुण्याने एका दमात उत्तर दिलं.

"ही वायर म्हणजे तुमची चारी. बारीक आहे, लांब आहे. दहा अँपिअर जायला लागले की दीड व्होल्ट वाटेतच मुरतो. टेलची बॅटरी काय पिणार?"

एका क्षणात ओहमचा नियम चाळीस वारकऱ्यांना कळला, शिवाय पाटबंधारे खात्याबद्दल अर्धा तास चर्चा झाली. अण्णांनी वेल्डिंगची जाड केबल आणली. जाताना एक, येताना एक, कारण ट्रॉलीच्या लोखंडाचा आणि हुकाच्या पिनचा अर्थिंग म्हणून भरवसा धरायचा नाही, गंज असतो. केबलला दोन्ही टोकांना फ्यूज. एकाने विचारलं, दोन कशाला? अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे केबल घासून पत्र्याला टेकली तर आग दोन्हीकडून येणार. पीठ, गॅस आणि ताडपत्री एकत्र असलेल्या ट्रॉलीत हा मुद्दा लगेच पटला.

मध्ये रिले. हा अण्णांचा लाडका. आधी कुणीतरी तो चावीवरून जोडला होता. चावी फिरवली की दोन्ही बॅटऱ्या एक व्हायच्या, मग स्टार्टर मागच्या बॅटरीतूनही करंट ओढायचा आणि फ्यूज जायचा. अण्णांनी तो अल्टरनेटरच्या चार्जिंगवर नेला. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटरने माप द्यायला सुरुवात केली की मगच रिले लागतो. 'टक.' फार बारीक आवाज आहे तो. ट्रॅक्टरच्या धडधडाटात, टाळ-मृदंगाच्या गजरात, पोरांच्या आरड्याओरड्यात तो कुणालाही ऐकू येणार नाही. अण्णांना येतो. मान किंचित तिरकी करून ते थांबतात, आवाज आला की "लागला" म्हणतात आणि मगच ड्रायव्हरला हात दाखवतात. आला नाही तर निवृत्तिनाथांची पालखी पुढे गेली तरी ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

पण गणित जमत नव्हतं. रात्री मुक्कामाला दहा एलईडीचे दिवे, कीर्तनाला माईक, पहाटे काकड्याला पुन्हा दिवे. रोज साठेक अँपिअर-अवर जायचे. आणि मुक्काम ते मुक्काम अंतर ट्रॅक्टर तासा-सव्वा तासात काटायचा, त्यात परत यायचे पंचवीस. "साठ खर्च, पंचवीस जमा, हा संसार किती दिवस चालणार?" अण्णा रात्री डायरी उघडून बसायचे. ट्रॅक्टर जागेवर उभा करून चालू ठेवावा तर नुसत्या आयडलिंगला अल्टरनेटर नीट देत नाही, त्याला फेरे हवेत. "रेस दे, रेस दे," म्हणून ते ड्रायव्हर पोराच्या मागे लागायचे आणि तो रेस द्यायचा तेव्हा धुराने स्वयंपाकाच्या बाया ओरडायच्या.

मग अण्णांनी ट्रॅक्टरला कामं काढायला सुरुवात केली. पाणी भरलेलं असलं तरी पाण्याला पाठवायचं. भाजी तालुक्याच्या गावावरून आणायची, ती जास्त ताजी असते. एकदा मिरजगावच्या मुक्कामाला काहीच काम उरलं नाही तेव्हा अण्णा म्हणाले, "चल, डिझेल टाकून येऊ."

"अण्णा, टाकी भरल्येली हाय."

"मग जरा लांबच्या पंपावर जाऊ, तोवर उतरेल."

ड्रायव्हर पोरगा आजतागायत ही गोष्ट सांगतो. पण त्याचंही एक माप पदरात आहे. एका संध्याकाळी तो घाईत टँकर आणायला निघाला, हुकाची पिन काढली, ट्रॅक्टर पुढे घेतला, आणि केबलचा प्लग काढायचा राहिला. केबल वेल्डिंगची, ती कसली तुटतेय? ती ताणली, मग ट्रॉलीतला प्लायवूडचा बोर्ड भिंतीसकट, म्हणजे ताडपत्रीसकट, सोबत घेऊन निघाली. चार्जिंगला लावलेले मोबाइल एकामागून एक रस्त्यावर उतरले. अण्णा मागे धावले. लोकांना वाटलं मोबाइलसाठी धावताहेत. ते ओरडत होते, "अरे रिले! रिले सांभाळ!"

तो बोर्ड हा दिंडीचा चव्हाटा. चार फुटी प्लायवूड, त्यावर ओळीने चार्जरच्या जागा, प्रत्येक फोनला पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. काळे बटणांचे फोन वर, मोठ्या काचेचे खाली, अशी उतरंड. नियम कडक. आधी कीर्तनाचा माईक, मग दिवे, मग फोन. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे अण्णांचं खेकसणंही गोड होतं. "माउली, साठ टक्के झालं, काढा आता." "माउली, हा रिळं बघायचा दवाखाना नाही." व्होल्टेज १२.२ च्या खाली गेला की बोर्ड बंद, मग सरपंच आला तरी बंद. शेवगावकडची एक म्हातारी मात्र रोज रात्री नऊला नातवाशी बोलते आणि तिच्या फोनची बॅटरी फुगलेली, धड अर्धा तास टिकत नाही. तिच्यासाठी अण्णांनी बोर्डाच्या मागून एक वेगळी वायर काढली आहे. ती १२.२ च्या खालीही चालते. ही वायर त्यांनी कुणाला सांगितलेली नाही आणि ती सगळ्यांना माहीत आहे.

मध्यंतरी एका इंजिनिअर पोराने सुचवलं, ट्रॉलीच्या कमानीवर सोलर पॅनल टाकू. अण्णा हसले. "आषाढात सोलर? ढग कोण हटवणार, तुझा पांडुरंग?" आता आपल्या जिल्ह्यातले आषाढातले ढग काय लायकीचे असतात ते सगळ्यांना ठाऊक. येतात, बघतात आणि न बरसता पुढे जातात. कर्जत ओलांडेपर्यंत पॅनल तापून निघालं आणि बॅटरी भरून वर राहिली. अण्णांनी पॅनल ठेवू दिलं, पण त्याची वायर आपल्या स्विचमधून नेली आणि डायरीत त्याचा रकाना उघडला. रकान्याचं नाव 'जोडधंदा'.

हिवाळ्यात ऊस सुरू झाला की अण्णांची दुसरी फेरी. प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हापासून या भागात हिवाळा म्हणजे उसाच्या गाड्यांची रांग. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रात्रभर कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभ्या, आणि ड्रायव्हर लोक थंडीत मोठ्ठ्याने गाणी लावून बसलेले. पहाटे नंबर आला की निम्म्या ट्रॅक्टरांचा 'टक'. अण्णा कुणा भाच्याला भेटायला म्हणून तिथे जातात आणि स्कूटरच्या डिकीतून जंपर केबल काढतात. तेव्हा ते शिक्षकासारखे बोलतात. लाल आधी मेलेल्या बॅटरीला, मग जिवंत बॅटरीला. काळी जिवंत बॅटरीला, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीवर नाही, बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या लोखंडावर, लांब. कारण बॅटरीतून गॅस निघतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडते. ड्रायव्हर लोकांना हे पाठ झालंय, तरी अण्णा दर वेळी नव्याने सांगतात. ट्रॅक्टर सुरू झाला की पोरगं "चहा घ्या अण्णा" म्हणतं. अण्णा म्हणतात, "चहा नको. तुझ्या कोपीवर लाईट आहे का?" नसते. तोडणी कामगारांच्या कोपीवर कुठली लाईट? मग चार दिवसांनी त्या ट्रॅक्टरमागे एक जुनी बॅटरी, एक रिले आणि दोन दिवे बसलेले असतात आणि पैसे कुणी कुणाला दिले ते समजत नाही.

पुण्याच्या धाकट्या मुलाने मागच्या उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर आणला. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हापासून तो त्या नादात होता. छोटासा पांढरा ट्रेलर, आत गादी, बेसिन, पंप, बारा व्होल्टचा फ्रिज. ओढायला नवी बीएस-सहाची गाडी. दारात उभा राहिल्यावर सगळी गल्ली आत डोकावून गेली. बायकांनी ओट्याची उंची पाहिली, पोरांनी गादीवर उड्या मारल्या. अण्णा थेट खाली वाकले.

"बॅटरी कुठंय?"

मुलाने दाखवली. लिथियमची, शंभर अँपिअर-अवर, एका हाताने उचलता येईल अशी. अण्णांनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. वजन नाही म्हणजे माल नाही, असा त्यांचा अनुभव. मग त्यांनी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "झाकणं कुठायत? पाणी कुठून घालायचं?" पाणी घालायचंच नाही हे कळल्यावर ते पायरीवर बसले. चाळीस वर्षं डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि हायड्रोमीटर घेऊन फिरलेल्या माणसाला कुणीतरी सेवानिवृत्तीचा नारळ पुन्हा एकदा दिला होता.

खरं दुःख पुढे होतं. आम्ही भंडारदऱ्याला निघालो, काजवे बघायला. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, पुढे शेंडी. मे संपता संपता, पाऊस तोंडावर असताना तिकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात, म्हणून पुण्या-मुंबईचा, नाशिकचा सगळा लोंढा तिकडे. अण्णा दर थांब्याला उतरायचे आणि मीटर लावायचे. लोणीला १३.३. संगमनेरला १३.३. अकोल्याला फ्रिज चार तास चालून १३.३. लिथियमचं असंच असतं, नव्वद टक्के भरलेली असो की निम्मी, व्होल्टेज जवळपास तिथेच. हे मुलाने नीट सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. पण आयुष्यभर ज्या पट्टीने बॅटऱ्या, गाड्या आणि माणसं मोजली ती पट्टी इथे चालेना. "मनातलं सांगतच नाही ही," ते मला हळूच म्हणाले, "असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे अवघड."

आणि गाडीचा अल्टरनेटर हुशार निघाला. नव्या गाड्यांत संगणक ठरवतो चार्जिंग किती द्यायचं. पुढची बॅटरी भरली की डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. मागे अजून एक तहानलेली बॅटरी आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे नुसती जाड केबल टाकून भागत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो. तो खालचा व्होल्टेज उचलून मागच्या बॅटरीला हवा तेवढा करून देतो. मुलाने वीस अँपिअरचा बसवला होता. अण्णा त्या डबीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यात 'टक' नव्हतं. एक हिरवा दिवा होता, तो मुकाट जळत होता.

"टेलला मोटार बसवलीस म्हण की," शेवटी ते म्हणाले. मुलाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि अण्णांनी ती डबी स्वीकारली हेही कळलं.

शेंडीच्या पुढे जागा धरली. अंधार पडायच्या आत अण्णांनी ट्रेलरच्या कडेने एलईडीची पट्टी लावली, छत्रीखाली दोन दिवे, झाडाला एक. स्विच दाबला आणि सगळा माळ उजळला. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे. तेवढ्यात आजूबाजूच्या तंबूंतून ओरड सुरू झाली. "ओ काका, लाईट बंद करा!" "काजवे बघायला आलोय आम्ही!" एक गावातला वाटाड्या पोरगा टॉर्च जमिनीकडे धरून आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, उजेड असला की काजवं चमकायचं सोडत्यात. जंगल खात्याचं लोक येतील."

अण्णांनी एकेक दिवा विझवला. काकू एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अंधारात आम्ही बसलो. समोर एक हिरड्याचं झाड पेटल्यासारखं एका तालात चमकत होतं, विझत होतं. सगळे "आहाहा" करत होते. अण्णा गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "लोड काहीच नाही. पूर्ण शंभर टक्के घेऊन परत जाणार आपण." त्या आवाजातली हळहळ ऐकून मुलाने आपला फोन बाहेर काढला आणि म्हणाला, "अण्णा, बारा टक्के आहे, लावता का?" शेजारच्या तंबूतली मुलगीही आली, तिचा तर बंदच पडला होता. मग वाटाड्या पोराने खिशातून आपला काढला. पट्टीवर नाव लिहायला पेन मिळेना, तर काकूंनी कुंकवाच्या डबीतली काडी दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सावेडीत परत आलो. सामान उतरवलं. मुलगा चावी काढायला वाकला तर अण्णांनी त्याचा हात धरला. त्याच्याच मोबाइलवरचं ॲप त्यांच्या हातात होतं. येताना तासाभरात ते त्यात तरबेज झाले होते.

"शहाण्णव दाखवतंय. वीस अँपिअर चाललेत. चार टक्के म्हणजे बारा मिनिटं."

"अण्णा, घरी प्लग आहे. घरी लावू."

"घरच्याला बिल येतं."

"डिझेलला येत नाही?"

याचं उत्तर अण्णा देत नाहीत. गाडी दारात चालू, मागे ट्रेलर, दिवे लागलेले. समोरच्या वाड्यातून जोशीकाकू दही-साखरेची वाटी घेऊन घाईघाईने आल्या. "निघालात का? सांगितलं नाहीत ते?"

"नाही हो, आलो," काकू म्हणाल्या. जोशीकाकू गोंधळून वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग दही वाया जाऊ नये म्हणून ते मलाच मिळालं.

बारा मिनिटं झाली. सत्त्याण्णव. शेवटी शेवटी चार्जिंग मंदावतं, हे अण्णांनी मला आनंदाने समजावून सांगितलं. आतून भाकरीचा वास यायला लागला. काकू दारात आल्या, त्यांनी कमरेला पदर खोचला, गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवायला आत येताय का त्या डब्यातच वाढू?"

अण्णांनी ॲपकडे पाहिलं.

"डब्यात वाढ," ते म्हणाले. "आणि येताना तुझा फोन घेऊन ये."